ट्राउटसाठी सॉफ्ट हॅकल फ्लाय घरी कशी बांधायची: मुंबईत मिळणारं सामान, गावरान पिसं आणि सगळी कृती

महाराष्ट्रात ट्राउट नाही. या माशाला थंड, वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी वीस अंशांच्या बरंच वर तापलं की तो तग धरत नाही. त्यामुळे मुंबईकराला ट्राउट गरवायचा असेल तर काश्मीर गाठायचं, हिमाचलातल्या तीर्थनच्या खोऱ्यात जायचं, नाहीतर दक्षिणेला निलगिरी किंवा मुन्नारचे डोंगर चढायचे. पण त्यासाठी लागणारी फ्लाय, म्हणजे धागा आणि पिसं बांधून किड्यासारखा केलेला गळ, मात्र इथेच, दादर-डोंबिवलीच्या घरात, जेवणाच्या टेबलावर उत्तम बांधता येते. त्यासाठी पावसाळ्यासारखा काळ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलातल्या नद्या गढूळ होऊन फुगलेल्या असतात, आणि १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तिथल्या ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते. मधे सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबर उरतो. त्या नितळ पाण्यासाठीची डबी भरायची तर पावसाळ्यातल्या रविवारीच भरायला हवी.

फ्लायचे प्रकार शेकड्यांनी आहेत. सुरुवात सॉफ्ट हॅकलपासूनच (हॅकल म्हणजे गळाभोवती गुंडाळलेलं पीस) करावी असं माझं ठाम मत आहे. गळाच्या दांडीवर रेशमाचे वेढे आणि नेढ्यामागे मऊ पिसाचे दीड-दोन फेरे, एवढीच ही फ्लाय. पंख नाहीत, शेपूट नाही, मणी नाही. उत्तर इंग्लंडात यॉर्कशरच्या आणि स्कॉटलंडच्या वेगवान नद्यांवर ही जात वाढली, आणि तिथे तिला अजून ‘स्पायडर’ म्हणतात. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्ट या मासे गरवणाऱ्या लेखकाने १८५७ मध्ये ज्या तीन स्पायडरांची भलामण केली, ते आजही जगभर बांधले जातात. काश्मीरची ट्राउटही मूळची स्कॉटलंडचीच: १९०० साली तिथून आलेल्या अंड्यांतून ती काश्मीरच्या पाण्यात रुजली.

ही फ्लाय चालते कशी हे आधी समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक निवड त्यावरच ठरते. मे-फ्लाय, कॅडिस असे कीटक नदीच्या तळाशी दगडांखाली वाढतात आणि पंख फुटायची वेळ आली की वर पृष्ठभागाकडे निघतात. त्या वाटेत ते असहाय असतात. पोहता धड येत नाही, उडता येत नाही, आणि ट्राउटला हे पक्कं ठाऊक असतं. वर उडणारे कीटक आपल्याला दिसतात, पण माशाच्या पोटात जाणारे बरेचसे पृष्ठभागाच्या खालीच टिपलेले असतात. मऊ पिसाचे तंतू प्रवाहाच्या रेट्याने मागे दबतात, रेटा कमी झाला की पुन्हा फुलतात. ती हालचालच माशाला जिवंत वाटते. तंतू ताठ असतील तर ती होत नाही, आणि तंतू फार दाट असतील तरीही होत नाही. म्हणून या फ्लायमध्ये पीस मऊ हवं आणि थोडं हवं. बाकी सगळं दुय्यम.

पीस

इंग्रजी कृतींमध्ये पार्ट्रिज, स्नाइप, स्टार्लिंग, मूरहेन अशी पक्ष्यांची यादी असते. ती वाचून आपल्याकडचा तित्तर, पाणलावा किंवा पाणकोंबडी शोधायला जाऊ नका. हे आपल्याकडचे वन्य पक्षी आहेत, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे, आणि त्यांची पिसं विकणं-विकत घेणं हा गुन्हा आहे. कोणी ‘गावाकडून आणून देतो’ म्हणाला तरी नाही म्हणा. युरोपातला करडा पार्ट्रिज हा वेगळाच पक्षी आहे. त्याची पिसं परदेशी कंपन्या पाकिटातून विकतात आणि ती सुंदरच असतात. पण शिकताना त्यांची गरज नाही, कारण त्याहून सोयीचं पीस क्रॉफर्ड मार्केटात रोज कचऱ्यात जातं.

ते म्हणजे गावरान कोंबडीचं पीस. कोंबडीचं म्हणतोय, कोंबड्याचं नाही. कोंबड्याच्या मानेचं पीस लांब, अरुंद, चकचकीत आणि ताठ असतं. ते पाणी झटकतं, म्हणून पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या फ्लायला ते हवं असतं. कोंबडीचं पीस रुंद आणि टोकाला गोल असतं, त्याचे तंतू लवचीक असतात आणि ते पाणी पितं. ब्रॉयलरच्या दुकानात मात्र जाऊ नका. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांतच कापला जातो, त्याची पिसं पुरती वाढलेलीच नसतात, शिवाय सगळी पांढरी. वर्षभर वाढलेली गावरान कोंबडी जिथे कापून मिळते असं दुकान शोधा. क्रॉफर्ड मार्केटच्या कोंबडीबाजारात मिळेलच, पण उपनगरांतही ‘गावठी’ अशी पाटी लावलेली दुकानं असतात. सकाळी गर्दीच्या आधी जाऊन दुकानदाराला सांगायचं, ‘दादा, भुरी किंवा ठिपक्यांची कोंबडी असेल तेव्हा मानेची आणि पंखाच्या वरची पिसं बाजूला ठेवा, गरम पाण्यात टाकायच्या आधी.’ हे शेवटचं महत्त्वाचं आहे. उकळत्या पाण्यातून काढलेली पिसं गोळा होतात आणि त्यांचा आकार बिघडतो.

एका कोंबडीवर तीन जागा बघायच्या. मानेच्या मागच्या बाजूची पिसं १४ आणि १६ नंबरच्या, म्हणजे लहान गळाला येतात. पाठीवरची जरा मोठी, ती १२ नंबरला. आणि पंखाच्या वरच्या कडेला, खांद्यापाशी, एकावर एक खवल्यांसारखी बसलेली लहान गोल पिसं असतात. माझ्या मते सगळ्यात सरस तीच. देठ बारीक, तंतू एकसारखे, आणि बऱ्याचदा त्यांवर फिकट-गडद नक्षी असते, अगदी पार्ट्रिजसारखी. वनराजा, गिरिराज अशा परसातल्या सुधारित जातींच्या कोंबड्यांवरही छान चितकबरी पिसं मिळतात. काळं पीस हवं असेल तर कडकनाथ. मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची ही कोंबडी आता महाराष्ट्रातही बरेच जण पाळतात, आणि तिच्या काळ्या पिसाला उजेडात हिरवट झाक असते. स्टुअर्टच्या ब्लॅक स्पायडरला स्टार्लिंगचं जे पीस लागतं, त्याच्या जागी हे चालतं आणि नुसतं चालत नाही, शोभतं.

मऊपणा तपासायची रीत सोपी आहे. धुतलेलं पीस उजेडासमोर धरा. मधल्या देठाजवळ तंतू एकमेकांत गुंतून एक दाट, अपारदर्शक पट्टा झालेला दिसेल. हा पट्टा जितका रुंद आणि टोकाकडे जितका लांब गेलेला, तितकं पीस पाणी धरणारं. मग एक तंतू बोटाने वाकवून सोडा. टणकन उसळून जागेवर आला तर पीस ताठ आहे, ते बाजूला ठेवा. सावकाश परत आला तर आपलं.

घरी आणलेली पिसं आधी धुवायची. आजारी किंवा मेलेल्या कोंबडीची पिसं कधीच घ्यायची नाहीत, हाताळताना हातमोजे घालायचे. कोमट पाण्यात थोडा शाम्पू, दहा मिनिटं भिजवून हलक्या हाताने हलवायची, दोन-तीनदा साध्या पाण्यातून काढायची आणि वर्तमानपत्रावर पसरायची. मुंबईच्या पावसाळी हवेत ती आपोआप पुरती वाळत नाहीत आणि ओलसर बंद केली की बुरशी धरते. म्हणून शेवटी हेअर ड्रायर फिरवा. उष्णतेने आणि वाऱ्याने तंतू पुन्हा उमलतात, तेव्हा पिसाचा खरा रंग पहिल्यांदा दिसतो. नंतर हवाबंद पिशवीत घालून चार दिवस फ्रीझरमध्ये, एक दिवस बाहेर, पुन्हा चार दिवस आत. पिसातले किडे आणि त्यांची अंडी अशी दोन टप्प्यांत मरतात. घरच्यांना आधी सांगून ठेवा आणि पिशवीवर नाव लिहा. कोरडी पिसं आकाराप्रमाणे वेगळ्या पाकिटांत लावून ठेवली की बांधताना शोधाशोध होत नाही.

रेशीम

पिसानंतर महत्त्वाचं रेशीम, कारण या फ्लायला वेगळं अंग नसतं, धागाच अंग असतो. बाजारात ‘सिल्क थ्रेड’ म्हणून जे चकचकीत रीळ मिळतं, बांगड्यांवर गुंडाळतात ते, ते बहुतेक वेळा रेयॉन असतं. रेयॉन ओलं झालं की कमकुवत होतं, म्हणजे नेमकं आपल्याला नको तेव्हा तुटतं. विकत घेण्याआधी एक वीतभर धागा मागून घ्या आणि घरी जाळून बघा. खरं रेशीम सावकाश जळतं, जळक्या केसांचा वास येतो आणि मागे चिमटीत चुरा होणारी राख उरते. रेयॉन कागदासारखं भर्रकन जळतं. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मंगलदास मार्केट आणि भुलेश्वरच्या भरतकामाच्या दुकानांत चौकशी करा. येवल्याला ओळखीचं कोणी विणकर असेल तर पैठणीचं उरलेलं रेशीम मागा, त्याचे रंग फार गोड असतात. यातलं काहीच जमलं नाही तर फ्लायसाठीचा बारीक पॉलिएस्टर धागा ऑनलाइन मागवा. त्याने फ्लाय मजबूत होते, फक्त रेशमाची खोली येत नाही.

ही खोली म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी बघा. नारिंगी रेशमाचे दहा-बारा वेढे गळावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. भडक नारिंगी रंग दोन-तीन सेकंदांत विझतो, तांबूस-तपकिरी होतो, आणि कडेने किंचित पारदर्शक दिसायला लागतो. आतल्या दांडीची सावली जाणवते. जिवंत किड्याच्या अंगाला असंच तेज असतं. म्हणून दुकानातला कोरडा रंग बघून रेशीम घेऊ नये, थेंबभर पाणी लावून मगच ठरवावं.

रेशमाला मेण हवंच. मधमाशीचं मेण खादीच्या दुकानांत किंवा आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात मिळतं. धागा मेणाच्या वडीवरून दोन-तीनदा ओढला की तो चिकट होतो, वेढे सुटत नाहीत. जुने यॉर्कशरवाले चांभाराचं मेण वापरायचे, ज्यात राळ असते. त्याने रेशीम गडद होतं. तुमच्या नाक्यावरच्या चर्मकारदादांकडून त्या काळपट मेणाचा सुपारीएवढा तुकडा मिळाला तर पिवळ्या धाग्यावर लावून बघा: पिवळा जाऊन जो ऑलिव्ह रंग येतो, तो कुठल्याही रिळावर विकत मिळत नाही.

बाकीचं सामान

यात फार वेळ घालवू नका. गळ १२, १४ आणि १६ नंबरचे. नंबर वाढला की गळ लहान. जरा जाड तारेचे, वेट फ्लायसाठीचे (पाण्यात बुडणाऱ्या फ्लायसाठीचे) म्हणून विकतात ते, मस्टॅडचा ३९०६ हा त्यातला जुना आणि भरवशाचा. समुद्रातल्या मासेमारीचे गळ इथे सर्रास मिळतात, पण ते या कामाला जड आणि मोठे. गळ धरायला वाइस लागतो. फ्लायचा खास वाइस मागवलात तर उत्तमच, नाहीतर झवेरी बाजारात सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्यांकडे किंवा नागदेवी स्ट्रीटवर लहान हातवाइस मिळतो. तो टेबलाच्या कडेला पक्का बसवला की झालं. रीळ धरणारा बॉबिन होल्डर मागवावाच, त्याशिवाय ताण सारखा राहत नाही. पीस पकडायला लॅमिंग्टन रोडवरची सगळ्यात लहान क्रोकोडाइल क्लिप, तिचे दात पिसाला चावू नयेत म्हणून त्यावर रबरी नळीचे तुकडे चढवायचे. बारीक टोकाची भरतकामाची कात्री, पेन्सिलीत खोचलेली सुई, आणि गाठीवर लावायला रंगहीन नेलपॉलिश. बारीक तांब्याची तारही लॅमिंग्टन रोडवरच मिळते. सोनेरी हवी तर भुलेश्वरचं कसब, म्हणजे जरीची तार.

बसायच्या आधी पंखा बंद करा. हे सांगावं लागतं, कारण निवडून ठेवलेली पिसं एका झोतात कपाटाखाली जातात. वाइसच्या मागे पांढरा कागद उभा केला की तंतू नीट दिसतात.

बांधणी

पहिली फ्लाय नारिंगी रेशीम आणि भुरं, नक्षीदार पीस अशी बांधा. गळ १४ नंबरचा. मी उजव्या हाताने बांधणाऱ्यासाठी सांगतो.

गळाचा उलटा काटा आधी पक्कडीने दाबून सपाट करा. मासा सोडायचा असेल तर त्याला इजा कमी होते, आणि वाइसमध्ये धरण्याआधीच हे केलं तर गळ तुटण्याची शक्यता असेल तो आत्ताच तुटतो, बांधून झाल्यावर नाही. मग गळाचा वाक वाइसच्या जबड्यात धरा. नेढं उजवीकडे, दांडी आडवी. टिचकी मारून बघा, हलता कामा नये.

मेण लावलेला धागा नेढ्यामागे मिलिमीटरभर जागा सोडून सुरू करा. वरून पलीकडे, खालून आपल्याकडे असे वेढे घ्यायचे. पाच-सहा वेढे डावीकडे घेऊन धाग्याचं मोकळं टोक कापा. नेढ्यामागची ती मिलिमीटरभर जागा शेवटपर्यंत राखायची असते. ती गेली की गाठ नेढ्यावर चढते आणि नदीकाठी गार पडलेल्या बोटांनी दोरी ओवता येत नाही.

आता पीस. खालची कापसासारखी लव उपटून टाका. उरलेल्या तंतूंची लांबी गळाशी ताडून बघा: पीस नेढ्यामागे धरल्यावर तंतूंची टोकं गळाच्या वाकापर्यंत यावीत, फार पुढे नको. टोक चिमटीत धरून बाकीचे तंतू हलक्या हाताने देठाकडे उलटे फिरवा, म्हणजे ते देठाला काटकोनात उभे राहतील. पीस दांडीवर आडवं ठेवा. टोक नेढ्याच्या पुढे उजवीकडे, उघडा देठ डावीकडे, चकचकीत बाजू खाली आणि फिकी बाजू वर. या स्थितीत तुमच्यापासून पलीकडच्या बाजूचे तंतू उपटून टाका. ते ठेवले तर गुंडाळताना दांडीखाली चिरडतात आणि फ्लाय नाहक दाट होते. देठावर चार-पाच घट्ट वेढे घ्या, देठाचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा दांडीवर राहू द्या, बाकीचा कापा. क्षणभर पीस उभं करून बघा: तंतू गळाच्या वाकाकडे झुकलेले दिसले पाहिजेत. नेढ्याकडे झुकले असतील तर बाजू उलटी झाली आहे. सोडवून पुन्हा बांधा.

पीस तसंच नेढ्यापुढे आडवं राहू द्या आणि धागा डावीकडे न्यायला लागा. वेढ्याला वेढा लागून, एकावर एक न चढता. तार घालायची असेल तर ती दांडीच्या खालच्या बाजूला पूर्ण लांबीने धरा आणि धाग्याखाली दाबत न्या, म्हणजे अंगाला मधेच उंचवटा येत नाही. थांबायचं कुठे? गळाच्या टोकाच्या बरोबर वर. नवशिक्याचा हात वाकापर्यंत जातो, कारण दांडी रिकामी दिसते. पण स्पायडरचं अंग आखूडच असतं, आणि मागची उघडी दांडी माशाला खटकत नाही. तिथून धागा वळवून तसाच एकाला एक लावत पुन्हा पिसाच्या बुंध्यापर्यंत आणा. रेशीम फुगीर दिसत असेल तर बॉबिन लोंबता सोडून पीळ सुटेल अशा दिशेने फिरवा. पीळ गेला की धागा चपटा बसतो. तार असेल तर धाग्याच्या उलट दिशेने, चार-पाच विरळ फेरे घेत पुढे आणा, बांधा आणि हलवून हलवून तोडा. कात्री नको, धार जाते.

पिसामागे अंगाला थोडा आधार दिला तर तंतू प्रवाहात अगदीच चिकटून बसत नाहीत. मोरपिसाचा एक धागा घेऊन त्याचे दोनच फेरे पिसाच्या बुंध्यालगत द्या. मोराने आपोआप गाळलेली पिसं आपल्याकडे विकायला असतात, त्यातलं एक पीस वर्षभर पुरतं. मोरपीस नको असेल तर घरच्या मांजरीच्या कंगव्यात अडकलेली मऊ लव धाग्यावर पिळून लावा. इतकी कमी, की खालचं रेशीम आरपार दिसलं पाहिजे. हा भाग ऐच्छिक आहे. संथ पाण्यासाठी मी तो गाळतो, वेगवान पाण्यासाठी ठेवतो.

आता ज्यासाठी सगळा खटाटोप, तो फेरा. पिसाचं टोक क्लिपमध्ये पकडा आणि पीस उभं करा. पहिला फेरा नेढ्याच्या अगदी जवळ, वरून पलीकडे. देठ सपाट बसतोय का बघा, पिळला गेला तर तंतू भलतीकडे जातात. फेरा पूर्ण होताना डाव्या हाताच्या ओल्या चिमटीने आधीचे तंतू पुढे, नेढ्याकडे ओढून धरा, म्हणजे ते दुसऱ्या फेऱ्याखाली सापडणार नाहीत. दुसरा फेरा पहिल्याच्या लगेच मागे, अंगाच्या दिशेने. तिथे धागा वाट बघत लोंबत असतो. टोकावर धाग्याचे दोन वेढे घेऊन ते पक्कं करा. थांबा. पीस उरलेलं दिसतं आणि तिसरा फेरा घ्यावासा वाटतो. घेऊ नका. १६ नंबरच्या गळावर तर दीडच फेरा पुरे.

बांधलेल्या टोकाजवळून धागा तंतूंमधून नागमोडी हलवत पुढे नेढ्याकडे न्या. धागा असा देठावरून आडवा गेला की माशाच्या दाताने देठ तुटला तरी सगळं पीस उलगडत नाही. या हालचालीत काही तंतू दबतील. ते सुईच्या टोकाने सोडवा. मग पिसाचं उरलेलं टोक कापा, नेढ्यामागे तीन-चार वेढ्यांचं बारीक डोकं करा आणि गाठ मारा. व्हिप फिनिशचं, म्हणजे ही शेवटची गाठ मारायचं हत्यार नसेल तर रिकाम्या रिफिलच्या नळीवर धाग्याचा फास घ्या, नळी नेढ्यावर टेकवा आणि फास सरकवून आवळा. असे चार फास. धागा कापून सुईच्या टोकाने नेलपॉलिशचा अगदी लहान ठिपका फक्त डोक्यावर लावा. तो तंतूंवर पसरला तर ते कडक होतात आणि पिसाची निवड वाया जाते. नेढं भरलं असेल तर ओलं असतानाच सुईने मोकळं करा.

पाण्यात बघा

कोरडी फ्लाय बघून तिची पारख होत नाही. दोरीचा तुकडा बांधून ती पाणी भरलेल्या काचेच्या ग्लासात सोडा. पहिल्या क्षणी पिसात अडकलेल्या हवेचे चकाकते बुडबुडे दिसतील, ते सुटले की फ्लाय बुडेल. आता दोरी हळूच वर ओढा. तंतू अंगाला मिटले पाहिजेत, आणि ओढणं थांबवताच अर्धवट उघडलेल्या छत्रीसारखे पुढे फुलले पाहिजेत. फुलले नाहीत तर पीस दाट झालं आहे: सुईने काही तंतू वेगळे काढून मुळाशी कापा आणि पुन्हा बुडवा. चार-पाच तंतू कमी केल्यावर तीच फ्लाय एकदम हलायला लागते. तंतू टोकावरून सरळ रेषेत छाटून मात्र आखूड करू नका, बोथट टोकं ओलीत वळत नाहीत.

अंगातून रेशीम घसरत असेल तर मेण कमी पडलं. पीस दांडीभोवती गोल फिरत असेल तर देठावरचे पहिले वेढे सैल होते. डोकं मोठं झालं असेल तर वेढे मोजायला लागा. एकाच रंगाच्या, एकाच नंबरच्या सहा फ्लाय सलग बांधा, मगच दुसऱ्या रंगाकडे वळा. हाताला प्रमाण कळायला हाच उपाय आहे.

पुढचे रंग ठरवणं सोपं आहे. पिवळं रेशीम आणि राखी पीस हे फिकट मे-फ्लायसाठी. जांभळं रेशीम आणि गडद पीस ही ‘स्नाइप अँड पर्पल’ची आपली आवृत्ती, ढगाळ दिवसासाठी. तपकिरी रेशीम आणि कडकनाथचं काळं पीस म्हणजे ब्लॅक स्पायडर. त्यात स्टुअर्टची रीत वेगळी आहे, पीस धाग्याबरोबर पिळून अंगाच्या पुढच्या भागावर विरळ गुंडाळतात. हात बसल्यावर करून बघण्यासारखी आहे. नारिंगी, पिवळी आणि काळी, प्रत्येकी १४ आणि १६ नंबरच्या, एवढ्यावर पहिली सहल व्यवस्थित होते. बर्फाच्या पाण्याने फुगलेल्या नदीसाठी चार-दोन १२ नंबरच्या.

नदीवर

नऊ फुटांचा लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि फ्लाय यांच्यामधली बारीक दोरी, टोकाला ४एक्स किंवा ५एक्स जाडीची. फ्लाय प्रवाहाला आडवी, थोडी खालच्या अंगाला टाकायची आणि प्रवाहाला ती काठाकडे वळवत आणू द्यायची. रॉडचं टोक तिच्याबरोबर फिरवायचं, ओढायचं नाही. दोरीला मधे पोट पडलं तर ती वरच्या बाजूला उचलून टाकायची, नाहीतर फ्लाय फार वेगाने धावते. वळण संपून फ्लाय थेट आपल्या खाली आली की पाच-सहा सेकंद तशीच धरा आणि मग रॉड हळू उचला. तळातून वर निघालेला कीटक असाच वर येतो, आणि बरेच मासे याच उचलण्यावर घेतात. ओढ जाणवल्यावर झटका देऊ नका. दोरी ताणलेलीच असते, मासा स्वतःच गळाला लागतो.

काश्मीर आणि हिमाचल दोन्हीकडे मत्स्य विभागाचा परवाना लागतो, तो पाण्यावर जाण्याआधी घ्या आणि त्या पट्ट्यात किती मासे ठेवता येतात ते तिथेच विचारून घ्या. मुंबईच्या खारट दमट हवेत गळ फार लवकर गंजतात, म्हणून फ्लायच्या डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि नदीवरून आल्यावर फ्लाय रात्रभर उघड्यावर वाळवूनच डबी बंद करा. विमानाने जाणार असाल तर गळ, कात्री आणि फ्लायची डबी चेक-इनच्या सामानात टाका.